शाळेच्या एकतीस चाव्या

बुधवार, १ फेब्रुवारी

आज मी अध्यक्ष झालो. शाळेच्या पालक-रहिवासी समितीचा. सभा चारला होती आणि मी साडेचारला पोचलो, कारण एका गिऱ्हाइकाचं कपाट काही केल्या उघडत नव्हतं. वर्गात शिरलो तर सगळे टाळ्या वाजवतायत. मला वाटलं, उशिरा आल्याचा टोमणा आहे. मोठ्या बाई म्हणाल्या, "या अध्यक्ष, बसा!" बायको वेळेवर आलेली, पहिल्या बाकावर बसलेली. ती खिडकीबाहेर बघत होती.

येताना तिला विचारलं, "माझं नाव कुणी सुचवलं गं?"

"सुचवलं असेल कुणीतरी. लोकांना तुमची किंमत कळते."

हे मात्र खरं असावं. ही वहीसुद्धा तिनेच दिली. म्हणाली, डोक्यात ठेवलं की घरी येऊन भांडता, त्यापेक्षा लिहा.

प्रकरण असं आहे. आमची शाळा म्हणजे चार खोल्या, एक अंगण, त्रेचाळीस मुलं आणि दोन बाई. मोठ्या बाई मुख्याध्यापिका, आणि धाकट्या बाई म्हणजे उरलेलं सगळं. शिपाई निवृत्त झाला, नवा मिळणार नाही. शिक्षण खात्याचं पत्र आलंय, की पालक आणि आजूबाजूचे लोक मिळून शाळा सांभाळत असतील तर ती राहील. मार्चअखेर साहेब येऊन बघणार. नाही जमलं, तर एप्रिलपासून मुलं हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत.

त्या मोठ्या शाळेत आमची चिमणी एक वर्ष होती. वर्षभरात एक शब्द बोलली नाही. घरी बोलायला लागली की रेडिओ बंद करावा लागतो, आणि तिथे हजेरीलासुद्धा नुसती उभी राहायची. मी चाव्या आणि कुलपांचा धंदा करतो, तेव्हा कुलूपवाल्याच्या पोरीच्या तोंडाला कुलूप, हा विनोद मी शंभर वेळा ऐकलाय. एकदाही हसलो नाही. इथे आली आणि सात महिन्यांत मोठ्या बाईंच्या कानात "पाणी पिऊन येऊ?" इतकं विचारण्यापर्यंत पोचली. शाळा गेली तर तेवढंही जाईल. सभेत मी बाकीची कारणं सांगेन. खरं कारण हे आहे.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

माझ्या अध्यक्षतेखाली पहिली सभा. तीन पानी भाषण लिहून नेलं होतं. ते खिशातच राहिलं, कारण सगळे एकदम बोलत होते. प्रश्न साधा होता, शाळा रोज उघडायची कुणी? बस ड्रायव्हर म्हणाला, माझी पहाटेची पाळी. शिवणवाल्या मावशी म्हणाल्या, मला उठायला होत नाही, उगाच खोटं कशाला बोलू? समोरच्या घरातले तक्रारआजोबाही आले होते. त्यांचं मूलबाळ शाळेत नाही, पण आमच्या गोंगाटाविरुद्ध ते वर्षाला सहा अर्ज लिहितात. त्यांना ऐकू कमी येतं, गोंगाट मात्र नेमका ऐकू येतो.

मग मी उठलो. म्हणालो, "शाळा सगळ्यांची, तर चावी सगळ्यांकडे. मी करून देतो."

टाळ्या पडल्या. अठ्ठावीस घरं, दोन बाई आणि आजोबा, अशा एकतीस चाव्या. आजोबा म्हणाले, "मला दोन द्या, एक हरवेल." देणार नाही.

रविवार, ५ फेब्रुवारी

एकतीस चाव्या, एका दिवसात, हाताने कानस मारून. आयुष्यात इतकं सुबक काम केलं नव्हतं. चिमणी शेजारी बसून प्रत्येक चावीत दोरा ओवत होती, आणि कुठला दोरा कुणाला का शोभेल याची कारणं देत होती. कारणं संपेनात. संध्याकाळी शाळेच्या दारात रांग लागली. एकेक जण चावी लावून बघत होता आणि दार उघडलं की असा हसत होता, जणू घर स्वतःच्या नावावर झालं. मला फार बरं वाटलं.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

उत्साह उतू चाललाय. आज सकाळी शाळा उघडायला पाच जण हजर. पहिल्याने उघडलं. दुसऱ्याला ते माहीत नव्हतं, त्याने चावी फिरवली आणि बंद केलं. तिसरा म्हणाला, अरे बंद कसं? असं चाललं होतं. मी पोचलो तेव्हा दार उघडं होतं, पण वाद बंद व्हायला पाव तास लागला.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

आज कुणीच आलं नाही. प्रत्येकाला वाटलं, तीस जणांकडे चाव्या आहेत, कुणीतरी उघडेलच. मोठ्या बाईंनीही त्याच हिशेबाने चावी घरी ठेवलेली, धाकट्या बाईंनीही. मला बोलवायला मुलं धावत आली तेव्हा मी ऐटीत निघालो. दारात पोचल्यावर कळलं, माझी चावी दुसऱ्या पँटच्या खिशात.

त्रेचाळीस मुलं अंगणात उभी आणि अध्यक्ष तारेने शाळेचं कुलूप उघडतोय. मुलांनी टाळ्या वाजवल्या. शेजारची पोरगी म्हणाली, "काका, अकरा सेकंद! चिमणीने मोजले." मनातल्या मनात मोजले असतील, मग हिला कसे कळले कोण जाणे.

संध्याकाळी बायकोने वार ठरवून दिले. तिचं इस्त्रीचं दुकान आहे, सगळ्यांचे कपडे तिच्याच टेबलावरून जातात, त्यामुळे कुणाला कधी सवड असते हे तिला पाठ. मी अध्यक्ष या नात्याने मान्यता दिली. ती म्हणाली, "उपकार झाले."

सोमवार, २० फेब्रुवारी

वाराप्रमाणे उघडणं सुरळीत चाललंय. पण भलतंच काहीतरी सुरू झालंय. ज्याच्या हातात चावी आली, त्याला वाटतंय शाळा म्हणजे आपलंच आवार.

बस ड्रायव्हरची पाळी दहाला संपते. घरी जुळी तान्ही, झोप मिळत नाही. तर हा गृहस्थ तिसरीच्या वर्गात मागच्या बाकावर टोपी तोंडावर घेऊन झोपतो. मी म्हणालो, "अहो, वर्ग चालू आहे!" तर म्हणतो, "म्हणूनच झोप लागते अध्यक्षसाहेब, लहानपणापासूनची सवय आहे." वर मलाच सांगतो, तुमच्या मुलीला माझ्या बसचे सगळे थांबे उलटसुलट पाठ आहेत, परवा म्हणून दाखवले. चिमणी? शाळेत? बिचाऱ्याला झोपेत भास होतात.

शिवणवाल्या मावशींनी मशीन व्हरांड्यात आणून ठेवलंय. घरी उजेड नाही म्हणे. आजोबा रोज साडेनऊला येऊन अंगणातल्या बाकावर बसतात. "पूर्वी रस्ता ओलांडून तक्रार करावी लागायची," ते ओरडून म्हणाले, "आता जवळ पडतं."

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

अति तिथे माती. आज जाऊन बघितलं तर तिसरीच्या भिंतीवर खडूने बसचा अख्खा मार्ग काढलेला. कोण कुठे चढला, किती उतरले, बसमध्ये किती उरले, असला गोंधळ मुलं घालतायत. व्हरांड्यात पोरं मावशींचा टेप घेऊन एकमेकांचे हात मोजतायत. फळ्यावर पाढे असायला हवेत, तिथे चोपन्न, एकोणपन्नास, बावन्न सेंटिमीटर, कुणाकुणाच्या हातांची मापं! धाकट्या बाई शेजारी उभ्या राहून हसतायत.

मोठ्या बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "चालू द्या हो अध्यक्ष." बाई चांगल्या आहेत, पण फार मऊ.

निघताना मावशी मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ, तुमची पोर मला खडसावते हं. मावशी, टाका तिरका गेला म्हणते." मी म्हटलं, ती दुसरी कुणी असेल. मावशींची नजर सुईवर, पोरं ओळखणार कशी?

बुधवार, १ मार्च

खात्याचं पत्र आलं. साहेब मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येणार. माझ्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. साहेब आत येतायत, एक जण घोरतोय, एक बाई कुणाच्या तरी झग्याला गोट लावतेय आणि एक म्हातारा ओरडतोय. एक ना धड, भाराभर चिंध्या. साहेब जागच्या जागी शाळा बंद करतील. आणि मग चिमणी पुन्हा त्या मोठ्या शाळेत, हजेरीला नुसती उभी.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आधी सगळ्यांशी बोला." बोललो की एकतीस मतं येणार. चूक मी केली, निस्तरायचीही मीच.

शनिवार, ४ मार्च

शाळा सुटल्यावर कुलूप बदललं. जुनं काढून पाच लिव्हरचं नवं बसवलं. त्याला तार लागत नाही, मीसुद्धा उघडू शकणार नाही. चावी एकच, माझ्याकडे. मावशींचं मशीन त्यांच्या घरी पोचतं केलं. बोललो मात्र कुणाशीच नाही. ड्रायव्हर, मावशी, आजोबा, सगळ्यांच्या नावाने दारावर कागद लावला, "शिस्तीच्या कारणास्तव प्रवेश बंद." खाली सही, अध्यक्ष.

तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही, हे या वहीपुरतं.

मंगळवार, ७ मार्च

आता शाळा शाळेसारखी दिसते. भिंत पुसली, पाढे परत फळ्यावर आले. टाचणी पडली तर ऐकू येईल. रस्त्यात लोक नमस्कार करतात आणि पुढे जातात. पूर्वी थांबून डोकं खायचे, त्यापेक्षा हे बरं.

सात वाजता उघडा, एकला बंद करा, मधे धाकट्या बाईंना कपाटाची खोली उघडून द्या. दोन गिऱ्हाइकं दाराबाहेर अडकून माझी वाट बघत बसली. चालायचंच.

शुक्रवार, १० मार्च

चिमणीचा घसा बसलाय. तीन दिवस झाले, घरीसुद्धा गप्प. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या. बायको म्हणाली, "घशाला काही झालेलं नाही."

"मग कशाला झालंय?"

ती इस्त्री करत राहिली. तीही हल्ली कामापुरतंच बोलते. घरात इतकी शांतता आहे की मी रेडिओ लावला.

तक्रारआजोबांचा नवा अर्ज आला. विषय: शाळेतून आवाज येत नसल्याबाबत. म्हाताऱ्याला काय हवंय, त्याचं त्यालाच कळत नाही.

सोमवार, १३ मार्च

आज मोठ्या बाईंनी एक वाजता थांबवून घेतलं. समोर बसवलं, पाणी दिलं. मला वाटलं, शिस्तीबद्दल कौतुक करणार.

"तुमची मुलगी वर्गात पुन्हा बोलेनाशी झालीय," त्या म्हणाल्या.

"ती कधी बोलत होती?"

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "दोन आठवडे बोलत होती. तुम्हाला माहीत नाही? ड्रायव्हरना थांबे सांगायची. मावशींना टाके मोजून दाखवायची. आजोबांना तर पुस्तक वाचून दाखवायची, अंगणात, सगळ्यांदेखत. आम्ही मुद्दाम कुणी काही बोललो नाही. कौतुक केलं तर ती पुन्हा मिटेल, म्हणून."

"पण त्यांच्याशीच का?"

"आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसतो, आता बोलेल, मग बोलेल. ते बघत नाहीत. एकाच्या तोंडावर टोपी, दुसरीची नजर सुईवर. आणि आजोबांना मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकूच येत नाही."

मी गाढव आहे. हे अध्यक्ष या नात्याने नव्हे, बाप या नात्याने लिहितोय. अकरा सेकंद तिने मोठ्याने मोजले होते. ड्रायव्हरने सांगितलं, मावशींनी सांगितलं, अर्ज करून आजोबांनी सांगितलं. जगातल्या सगळ्या कुलपांना कान लावून बसणारा मी, मला काही ऐकू आलं नाही. घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडलो.

मंगळवार, १४ मार्च

संध्याकाळी दारोदार फिरलो. आधी मावशी. म्हणालो, "चुकलो. जुनं कुलूप परत लावतो."

मावशींनी गळ्यातला दोरा बाहेर काढला. चावी तिथेच होती. "लावा की. मशीन मात्र या वेळी तुम्ही एकट्याने उचलायचं."

ड्रायव्हरनेही चावी ठेवली होती, गवंड्यानेही, बेकरीवाल्यानेही. एकाही घरात चावी टाकलेली नाही. मला कळेना. घरी येऊन बायकोला म्हणालो, "बघ, लोकांचा माझ्यावर केवढा विश्वास!"

"मी सांगितलं होतं त्यांना," ती कॉलर दाबत म्हणाली, "ठेवून द्या, आठ-दहा दिवसांत येतील ताळ्यावर."

आजोबांकडे शेवटी गेलो. तीनदा ओरडून माफी मागितली. गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू गेल्यावर त्यांना ऐकू गेली. म्हणाले, "बरं. दुसरी चावी देणार का?"

दिली.

गुरुवार, १६ मार्च

आजचं आजच लिहून ठेवतो.

काल मशीन व्हरांड्यात पोचवलं, ड्रायव्हर बाकावर पोचला. आज साडेदहाच्या सुमाराला कुलूप बदलायला घेतलं. नवं काढलं, जुनं अजून बसवायचं होतं, दाराला नुसतं भोक. मी उंबऱ्यात गुडघ्यांवर, तोंडात चार स्क्रू. तेवढ्यात समोर दोन बूट येऊन उभे राहिले. वर बघितलं. हातात फाइल, गळ्यात ओळखपत्र. खात्याचे साहेब, दोन आठवडे आधीच!

"या शाळेचे प्रमुख कोण?" त्यांनी विचारलं.

माझं तीन पानी भाषण खिशात होतं आणि स्क्रू तोंडात. मी नुसता हात हलवला. साहेब मला ओलांडून आत गेले. व्हायचं तेच झालं. ड्रायव्हर घोरत होता. मावशी झग्याला गोट लावत होत्या, भोवती सहा मुलं टेप घेऊन. आजोबा अंगणात बाकावर, त्यांच्या शेजारी चिमणी पुस्तक घेऊन बसलेली, पण गप्प. दोन दिवस ती तशीच बसत होती, पानं उलटत.

साहेब परत दाराशी आले, भोकात बोट घालून बघितलं आणि आवाज चढवला. "शाळेच्या दाराला कुलूप नाही! उद्या काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण?"

मोठ्या बाई पुढे येणार, तेवढ्यात वर्गातून ड्रायव्हर डोळे चोळत बाहेर आला. "मी," तो म्हणाला. कशाबद्दल, हे त्याला माहीत नसावं.

"हे कसले जबाबदार, झोपलेले!" मावशी म्हणाल्या. "मी आहे. माझं मशीन आहे इथे."

"एक कुणीतरी सांगा," साहेब वैतागले.

आजोबा कानामागे हात धरून ओरडले, "काय म्हणतोय तो?"

आणि चिमणी उठून उभी राहिली. त्यांच्या कानाशी वाकून, घरी ओरडते तश्शी ओरडली, "आजोबा! ते विचारतायत, शाळेला जबाबदार कोण!"

चारही खोल्यांत ऐकू गेलं. धाकट्या बाईंच्या हातातला खडू पडला. मी स्क्रू गिळता गिळता वाचलो. एकही माणूस तिच्याकडे वळून बघत नव्हता. ड्रायव्हर छताकडे, मावशी सुईकडे, मोठ्या बाई स्वतःच्या चपलांकडे. सगळ्यांना ठाऊक होतं, मी सोडून सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. मीही मान खाली घालून दाराचं भोक बघत बसलो. ते मला नीट दिसत नव्हतं.

"जबाबदार? मी!" आजोबा गरजले. "लिहून घ्या! आणि माझी तक्रारही लिहून घ्या. साहेब दारात उभे राहून उजेड अडवतात, पोरीला वाचता येत नाही!"

साहेब बाजूला सरकले. चिमणी बसली आणि पुढचं पान मोठ्याने वाचायला लागली.

त्यानंतर साहेबांनी चहा घेतला. मुलांनी त्यांच्या हाताचं माप घेतलं, अठ्ठावन्न. जाताना मला म्हणाले, "तुम्ही कुलूपवाले का?" मी हो म्हणालो. अध्यक्ष आहे, हे सांगायचं राहून गेलं.

गुरुवार, ३० मार्च

पत्र आलं. शाळा पुढची तीन वर्षं राहणार. जबाबदार व्यक्तींची नावं कळवा म्हणे, त्यासाठी एकच ओळ सोडलीय. बायकोने मागे कोरा कागद जोडला आणि एकतीस नावं लिहून काढली. पहिलं माझं. शेवटी आजोबांचं, त्यांच्या सूचनेनुसार दोनदा.

पण आजची खरी गोष्ट वेगळीच. चिमणीच्या वहीत धाकट्या बाईंनी लाल शाईने लिहून पाठवलंय: "वर्गात सतत बोलते. दोनदा जागा बदलून पाहिली, तिथेही बोलते. पालकांनी समज द्यावी व सही करावी."

मी तीनदा वाचलं. बायकोने इस्त्री बाजूला ठेवून दोनदा वाचलं, मग पदराने डोळे पुसले आणि वाफेमुळे झालं म्हणाली. इस्त्री थंड होती. मी सही केली, इतकी मोठी की शेजारच्या ओळीत गेली.

सही झाली, पण समज द्यायची राहिली होती. म्हणून चिमणीला समोर बसवलं आणि चेहरा कडक केला. त्याला आता अर्धा तास होऊन गेला. मला अजून बोलायला मिळालेलं नाही.